डेनिस बर्किट : रोगाचा पत्ता शोधणारा डॉक्टर

१९५७ साल. पूर्व आफ्रिकेतील युगांडा तेव्हा ब्रिटिशांच्या अमलाखाली होता. कंपाला शहरातील मुलागो इस्पितळात एके दिवशी डॉ. ह्यू ट्रॉवेल यांनी आपल्या एका शल्यविशारद सहकाऱ्याला लहान मुलांच्या वॉर्डात बोलावून घेतले. खाटेवर पाच वर्षांचा एक मुलगा होता. त्याचा चेहरा सुजून वेडावाकडा झाला होता. वरचा जबडा, खालचा जबडा, डावी बाजू, उजवी बाजू, अशा चारही ठिकाणी गाठी होत्या. दात खिळखिळे झाले होते. जंतुसंसर्ग म्हणावा, तर तो एकाच वेळी चार ठिकाणी कसा? कर्करोग म्हणावा, तर तोही असा चारी बाजूंनी उगवत नाही. शल्यविशारदाने मुलाला तपासले, त्याची छायाचित्रे घेतली, पण रोगाला नाव देणे त्याला जमले नाही.

काही आठवड्यांनी हाच डॉक्टर जिंजा गावच्या इस्पितळात फेरीसाठी गेला होता. बोलता बोलता त्याची नजर खिडकीबाहेर गेली. बाहेर आईजवळ बसलेल्या एका मुलाचा चेहरा अगदी तसाच सुजलेला होता. डॉक्टर धावतच बाहेर गेला. पहिले मूल योगायोग म्हणून विसरता आले असते. दुसरे पाहिल्यावर ते शक्य नव्हते.

या डॉक्टरचे नाव डेनिस बर्किट. लहान मुलांच्या एका भयंकर कर्करोगाला आज जगभर त्यांचे नाव आहे. बर्किट काही प्रयोगशाळेत बसणारे शास्त्रज्ञ नव्हते. सूक्ष्मदर्शकापेक्षा त्यांना मोटार आणि नकाशा जवळचा. तरीही त्यांनी धरलेला धागा पुढे पेशीच्या गाभ्यापर्यंत गेला आणि कर्करोगाच्या एका मोठ्या गुन्हेगाराला उघडे पाडून थांबला. हा गुन्हेगार एकटा काहीच करू शकत नाही, त्याला साथीदार लागतो, हेही त्याच वाटेवर पुढे समजले.

रॉबिन पक्ष्यांचा नकाशा

बर्किट यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९११ रोजी आयर्लंडमधील एनिस्किलन या गावी झाला. वडील जेम्स बर्किट हे परगण्याचे सर्व्हेयर होते. रस्ते आणि पूल हा त्यांचा व्यवसाय, पण खरा जीव पक्ष्यांत. आपल्या आवारातल्या रॉबिन पक्ष्यांच्या पायांत लहान लहान कडी अडकवून, कोणता पक्षी कुठे राहतो, त्याची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते, याचे नकाशे त्यांनी वर्षानुवर्षे काढले. पक्षिशास्त्रात या कामाला आजही मान आहे. कुठलाही जीव समजून घ्यायचा, तर तो कुठे राहतो आणि कुणाच्या शेजारी राहतो हे आधी पाहायचे, हा धडा मुलाने घरच्या अंगणातच घेतला असावा.

डेनिस अकरा वर्षांचा असताना शाळकरी पोरांच्या दगडफेकीत एक दगड त्याच्या चष्म्यावर बसला. काच फुटून डोळ्यात गेली आणि उजवा डोळा कायमचा गेला. अभ्यासात तो फारसा चमकला नाही. वडिलांप्रमाणे इंजिनिअर व्हावे म्हणून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्याने नाव घातले. तिथे धर्मनिष्ठ मित्रांच्या संगतीत त्याचे मन पालटले आणि त्याने वैद्यकीकडे मोर्चा वळवला. १९३५ साली तो डॉक्टर झाला. १९३८ साली एडिंबरोची शल्यविशारदाची पदवी मिळाली. काही महिने एका मालवाहू जहाजावर डॉक्टर म्हणून तो थेट मांचुरियापर्यंत जाऊन आला.

आता बर्किट यांना आफ्रिकेत काम करायचे होते. पण वसाहत खात्याने त्यांचा अर्ज परत केला. एका डोळ्याचा शल्यविशारद नको होता. पुढे महायुद्ध पेटले आणि १९४१ साली सैन्याच्या वैद्यकीय दलात त्यांना जागा मिळाली. या नोकरीत त्यांना पूर्व आफ्रिका पाहायला मिळाली, आणि युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, युगांडात सरकारी डॉक्टर म्हणून नेमणूकही झाली. १९४३ साली त्यांचे ऑलिव्ह रॉजर्स यांच्याशी लग्न झाले होते. पुढे त्यांना तीन मुली झाल्या.

पहिली नेमणूक लिरा या आडगावी. मोठ्या परिसरासाठी एक इस्पितळ आणि हाताशी मोजकी माणसे. तिथे बर्किट यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. अंडवृद्धीच्या शस्त्रक्रियेसाठी येणारे रुग्ण जिल्ह्याच्या पूर्व भागातून भरपूर येत, पश्चिम भागातून जवळजवळ नाहीच. त्यांनी गावोगावची मोजदाद करून नकाशा काढला. डासांमार्फत पसरणाऱ्या हत्तीरोगाच्या जंतांशी याचा संबंध होता. काम लहानसेच होते, पण आपल्या हातातले खरे हत्यार कोणते हे बर्किट यांना तिथे कळले.

दहा हजार मैल

१९४८ मध्ये ते कंपालाला आले. जबड्याच्या गाठींची ती दोन मुले पाहिल्यानंतर त्यांनी इस्पितळाचे जुने कागद चाळायला घेतले. अशी आणखी मुले सापडत गेली. काहींच्या जबड्यात गाठी, काहींच्या पोटात, मूत्रपिंडात, यकृतात. प्रत्येक अवयवाच्या गाठीला वेगळे नाव देऊन तिची वेगळी नोंद झाली होती. बर्किट यांना मात्र दिसले, की हा एकच रोग आहे. कंपालातच अर्ध्या शतकापूर्वी मेंगो इस्पितळ उभारणाऱ्या अल्बर्ट कुक यांच्या नोंदींतही अशा मुलांची चित्रे होती. म्हणजे रोग जुना होता, फक्त त्याला कुणी ओळखले नव्हते.

१९५८ साली त्यांनी एका ब्रिटिश नियतकालिकात निबंध लिहिला. त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. कंपालाच्याच विकृतिशास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिले, की या गाठी पांढऱ्या पेशींच्या आहेत, म्हणजे हा लिम्फोमा आहे. वाढीचा वेग इतका, की एक-दोन दिवसांत गाठीतील पेशींची संख्या दुप्पट व्हावी. उपचाराविना मूल काही महिन्यांत दगावत असे. शल्यविशारदाच्या सुरीचा इथे काही उपयोग नव्हता, आणि युगांडात किरणोपचाराची सोय नव्हती.

बर्किट यांनी पुन्हा नकाशाच पुढे ओढला. किरकोळ सरकारी अनुदानातून त्यांनी या मुलांच्या छायाचित्रांची पत्रके छापली आणि आफ्रिकेतील सरकारी व मिशनरी इस्पितळांना ती शेकड्यांनी पाठवली. असे मूल तुमच्याकडे येते का, एवढाच प्रश्न. जिथून होकार आला तिथे भिंतीवरच्या नकाशात टाचणी. हळूहळू विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना आफ्रिकेच्या आरपार टाचण्यांचा एक पट्टा तयार झाला. पूर्व किनाऱ्याने त्याची एक शेपटी दक्षिणेकडे मोझांबिकपर्यंत उतरली होती.

पट्ट्याची कड नेमकी कुठे, हे पाहण्यासाठी ऑक्टोबर १९६१ मध्ये ते निघाले. बरोबर टेड विल्यम्स आणि क्लिफ नेल्सन हे दोन डॉक्टर मित्र. २५० पौंडांना घेतलेली जुनी फोर्ड गाडी. विल्यम्स यांना डॉक्टरकीइतकीच गाडीची दुरुस्ती येत होती, हे पुढे फार उपयोगी पडले. दहा आठवडे, दहा हजार मैल, पन्नासहून अधिक इस्पितळे. आजचे टांझानिया, मलावी, मोझांबिक, झिंबाब्वे असे करत ते दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेले. प्रत्येक ठिकाणी छायाचित्रे दाखवायची, डॉक्टरांना आणि परिचारिकांना विचारायचे, आणि वहीत नोंद करायची.

उत्तर साधे निघाले. विषुववृत्ताजवळ साधारण पाच हजार फुटांच्या वर हा रोग दिसत नव्हता. दक्षिणेकडे जावे तशी ही उंचीची मर्यादा खाली येत होती. म्हणजे प्रश्न उंचीचा नव्हता, थंडीचा होता. जिथे फार गारठा पडतो किंवा पाऊस फार कमी, तिथे रोग नाही. उष्ण, दमट जागा हेच त्याचे घर. पण गारठ्याला आणि कोरड्या हवेला कर्करोग कशाला घाबरेल? घाबरतो तो डास. नकाशा डासाकडे बोट दाखवत होता, आणि त्याच्या मागे हिवतापाकडे. हिवताप आटोक्यात असलेल्या भागांत हा कर्करोग विरळ होता, हेही लक्षात आले.

धुक्यात अडकलेले विमान

या प्रवासाआधी, मार्च १९६१ मध्ये, बर्किट रजेवर लंडनला आले असताना मिडलसेक्स इस्पितळात त्यांचे व्याख्यान झाले. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाईन नावाचे तरुण शास्त्रज्ञ होते. कोंबड्यांना कर्करोग देणाऱ्या विषाणूवर ते काम करीत होते. ज्या कर्करोगाचा हवामानाशी संबंध आहे, त्यामागे एखादा विषाणू असणार, असे त्यांच्या मनाने घेतले. व्याख्यान संपताच त्यांनी बर्किट यांना गाठले आणि गाठींचे नमुने मागितले.

त्यानंतर कंपालाहून विमानाने नमुने लंडनला येऊ लागले. दोन वर्षांहून अधिक काळ एप्स्टाईन यांना त्यांत काहीही सापडले नाही. डिसेंबर १९६३ मध्ये लंडनवर दाट धुके होते, म्हणून विमान मँचेस्टरला उतरवावे लागले. नमुना उशिरा हाती आला, तोवर बाटलीतला द्रव गढूळ झाला होता. बहुधा सडला असावा. पण फेकण्याआधी एप्स्टाईन यांनी एक थेंब पाहिला. तो गढूळपणा जंतूंचा नव्हता. गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी द्रवात तरंगत होत्या. त्यांतूनच पेशी वाढवण्याची रीत सापडली. १९६४ च्या फेब्रुवारीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशींत एक नवा विषाणू दिसला. एप्स्टाईन आणि त्यांच्या सहकारी इव्हॉन बार यांचे नाव त्याला मिळाले. माणसाच्या कर्करोगाशी नाते जुळलेला हा पहिला विषाणू.

पण लवकरच नवे कोडे उभे राहिले. हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढ माणसांच्या शरीरात असतो. बहुतेकांना तो काही करीत नाही. मग आफ्रिकेतल्या या पट्ट्यातच मुलांना कर्करोग का? आज उत्तर असे दिसते, की विषाणू एकटा पुरेसा नाही. वारंवारचा हिवताप शरीरातील बी पेशींना सतत कामाला जुंपतो, त्यांची संख्या वाढवतो आणि त्यांच्या जनुकांत चुका होण्याचा धोका वाढवतो. विषाणू अशा चुकलेल्या पेशीला मरू देत नाही. एका हाताने टाळी वाजत नाही, तसेच हे.

सांडशीची दुसरी दांडी

ती चूक कोणती, हे कळायला आणखी काही वर्षे गेली. १९७२ मध्ये बर्किट लिम्फोमाच्या पेशींत चौदाव्या गुणसूत्राला एक जादा तुकडा चिकटलेला दिसला. १९७६ मध्ये कळले, की तो तुकडा आठव्या गुणसूत्राचा आहे. १९८२ मध्ये त्या तुकड्यावरचे जनुक ओळखू आले. त्याचे नाव मिक. कोंबड्यांच्या एका कर्करोग-विषाणूत ते आधीच सापडले होते.

मिक जनुकापासून मिक नावाचेच प्रथिन बनते. पेशीतील शेकडो इतर जनुके चालू करण्याचे काम ते करते. पेशीने वाढावे, साखर वापरावी, विभागून दोन व्हावे, हे हुकूम त्याच्यामार्फत जातात. निरोगी पेशीत हे प्रथिन गरजेपुरते बनते आणि अर्ध्या तासाच्या आत मोडीतही निघते. चौदाव्या गुणसूत्रावर मात्र प्रतिपिंडे बनवणारे जनुक असते, आणि बी पेशीत ते सदैव जागे असते. त्याच्या शेजारी मिक जाऊन बसले, की घरातला कामापुरता लागणारा दिवा चोवीस तास पेटत्या तारेला जोडल्यासारखे होते. पेशी विभागत राहते. जबड्यांतल्या चार गाठींमागे हे होते.

मिकचे नाव पुढे इतर असंख्य कर्करोगांत निघाले. पण शास्त्रज्ञांना एक गोष्ट सतावत होती. जनुक चालू करायचे, तर प्रथिनाने डीएनएला पकडायला हवे. परीक्षानळीत एकट्या मिकला ती पकड नीट घेताच येईना. १९९१ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे एलिझाबेथ ब्लॅकवुड आणि रॉबर्ट आयझेनमन यांनी याचे कारण शोधले. मिकला एक जोडीदार लागतो. त्याचे नाव मॅक्स.

स्वयंपाकघरातली सांडशी आठवा. तिची एक दांडी कितीही मजबूत असो, एकटीने गरम पातेले उचलता येत नाही. दोन दांड्या खिळ्यावर जुळल्या, की पकड येते. मिक आणि मॅक्स या दोन दांड्या. दोन्ही प्रथिनांचा एकेक भाग दोरीसारखा एकमेकांत गुंफला जातो आणि त्यांची खालची टोके डीएनएला दोन्ही बाजूंनी धरतात. एकटे मिक सैल धाग्यासारखे लोंबकळत असते. मॅक्स भेटला, की त्याला आकार येतो.

गंमत अशी, की मॅक्स स्वभावाने दुष्ट नाही. तो पेशीत नेहमीच असतो आणि त्याचे इतरही जोडीदार आहेत. १९९३ साली मॅड नावाचे प्रथिन सापडले. मॅक्स मॅडबरोबर जोडी जमवतो, तेव्हा तीच जनुके बंद होतात आणि पेशी शांत होते. म्हणजे मॅक्स कुणाबरोबर उभा आहे, यावर पेशीचे भवितव्य ठरते. मिक बेसुमार वाढले, की बहुतेक मॅक्स त्याच्याकडे जातो आणि मॅडच्या वाट्याला फारसा उरत नाही. शेवटी प्रश्न संगतीचा!

यातूनच औषधाची एक कल्पना पुढे आली. मिकला थेट अडवणे फार अवघड, कारण त्या लोंबत्या धाग्यात औषधाचा रेणू रुतून बसेल अशी खाचच नाही. मग जोडी का तोडू नये? १९९८ मध्ये इटलीत लॉरा सुसेक आणि सहकाऱ्यांनी ओमोमिक नावाचे एक छोटे बनावट प्रथिन तयार केले. ते मधेच घुसून मिक आणि मॅक्स यांची जोडी बिघडवते. उंदरांमध्ये त्याने गाठी आटोक्यात आणल्या. पुढे स्पेनमध्ये या जातीच्या औषधाची माणसांवरील पहिली चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. रुग्ण थोडे होते. ते औषध त्यांना बऱ्यापैकी सोसले आणि काहींचा रोग काही काळ पुढे सरकला नाही. कर्करोगावरचा हा इलाज म्हणता येणार नाही. पण ज्या प्रथिनाला औषध लागूच होणार नाही असे मानले जाई, त्याच्या जोडीदारीत फट सापडली आहे, एवढे खरे.

एक भारतीय धागा

कंपालाच्या मुलांना अर्थात इतके थांबायला वेळ नव्हता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला बर्किट यांनी अमेरिकी डॉक्टरांच्या मदतीने त्यांच्यावर औषधोपचार सुरू केले. त्यांतले एक औषध होते मेथोट्रेक्सेट. ज्या लेडर्ली प्रयोगशाळेतून ते आले, तिथल्या संशोधनाची धुरा भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी वाहिली होती. १९४८ साली ते वारले. आपल्या प्रयोगशाळेचे औषध युगांडातल्या मुलांपर्यंत पोहोचलेले त्यांना पाहता आले नाही. या औषधाने आणि सायक्लोफॉस्फामाइडसारख्या इतर औषधांनी गाठी काही दिवसांत विरघळल्यासारख्या उतरत. थोड्याच मात्रा मिळालेली काही मुले वर्षानुवर्षे निरोगी राहिली. नुसत्या औषधांनी कर्करोग कायमचा बरा होऊ शकतो, या विश्वासाला ज्या मोजक्या आजारांनी बळ दिले त्यांत हा एक होता. पेशी जितक्या वेगाने विभागतात, तितका त्यांवर या औषधांचा घाव वर्मी बसतो. मिकची हाव अशी त्याच्यावरच उलटली.

कोंडा आणि कीर्ती

साठच्या दशकाच्या मध्यावर बर्किट कुटुंब इंग्लंडला परतले. तिथे त्यांची दुसरी कारकीर्द सुरू झाली. युगांडात त्यांना बद्धकोष्ठ, आंत्रपुच्छदाह, मोठ्या आतड्याचा कर्करोग हे रोग क्वचितच दिसले होते. इंग्लंडच्या इस्पितळांत त्यांचीच गर्दी. पुन्हा जगभर पत्रे गेली, पुन्हा नोंदी झाल्या. आपल्या आहारातून कोंडा आणि चोथा निघून गेला, हे त्यांचे निदान. सभागृहात शौचाविषयी मोकळेपणाने बोलून ते लोकांना हसवत आणि कोंड्याची भाकरी खायला लावत. १९७९ साली याच विषयावरचे त्यांचे पुस्तक खूप खपले. चोथ्यावर त्यांनी टाकलेला सगळा भार पुढच्या अभ्यासांनी उचलला नाही. पण चोथायुक्त आहार आतड्याला हितकर आहे, हे आज सर्वमान्य आहे.

१९७२ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. २३ मार्च १९९३ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. मॅक्सचा शोध लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.

आज श्रीमंत देशांत बर्किट लिम्फोमा झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. बर्किट यांच्या टाचण्यांच्या पट्ट्यात मात्र हे प्रमाण पुष्कळ कमी आहे. कुठे निदानाला उशीर होतो, कुठे औषध संपलेले असते, कुठे बसभाड्याअभावी उपचार अर्ध्यावर सुटतात. या रोगाच्या जोडीदारांत विषाणू आहे, हिवताप आहे, मॅक्स आहे, आणि दारिद्र्यही आहे. पहिल्या तिघांचा माग शास्त्रज्ञांनी चिकाटीने काढला. चौथ्याचा पत्ता तर सगळ्यांना ठाऊकच आहे. त्याची जोडी तोडायला प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.